घोटून दाढीचा हट्ट सोडला की केसांची दिशा बघत बसावं लागत नाही

माळावरचा_झरा

मंडळी, इथे दाढीवर आधीही धागे येऊन गेलेत, पण त्यांत सगळी चर्चा कुठलं ब्लेड आणि कुठला ब्रश याचीच. मला पद्धतीविषयी बोलायचं आहे.

जुन्या पद्धतीचा रेझर, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेलं पातं बसवायचा, नव्याने हातात घेतला की हल्ली पहिला सल्ला मिळतो तो चेहऱ्याचा नकाशा काढण्याचा. दोन दिवस दाढी वाढवा, गालांवर, जबड्यावर, मानेवर बोट फिरवून केस कुठून कुठे वळतात ते पाहा, कागदावर बाण काढा. मग पहिला हात केसांच्या दिशेने, दुसरा आडवा, तिसरा उलटा, दर वेळी नव्याने फेस. मानेवर डावीकडे एक दिशा, उजवीकडे दुसरी, कंठमण्याखाली भोवरा. सकाळची लोकल गाठायची असलेला माणूस हे सगळं डोक्यात ठेवून आरशासमोर उभा राहतो आणि महिन्याभरात रेझर कपाटात टाकून परत जेल आणि पाच पात्यांच्या कार्ट्रिजकडे वळतो. चांगली, स्वस्त, टिकाऊ वस्तू निव्वळ सल्ल्यांच्या ओझ्याने अडगळीत जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं म्हणणं असं की बहुतेकांना या नकाशाची गरज नाही. दाढी नीट भिजलेली असेल, पातं धारदार असेल आणि हातात जोर नसेल, तर पहिला हात सगळीकडे वरून खाली मारा. कल्ल्यापासून जबड्यापर्यंत, जबड्यापासून खाली कॉलरपर्यंत. केस कुठेही वळोत. मग पुन्हा फेस लावा आणि दुसरा हात आडवा: गालांवर कानाकडून नाकाकडे, मानेवर बाजूने मध्याकडे. थंड पाणी, तुरटी, पंचाने टिपून घ्या. झाली दाढी. तिसरा उलटा हात नाहीच. तळवा खालून वर फिरवला तर किंचित खरखर लागेल, ती लागू द्या. हातभर अंतरावरच्या माणसाला ती दिसत नाही.

त्रास होतो तो मुख्यतः तीन गोष्टींनी: कोरडे केस, बोथट पातं आणि दाबलेला हात. केस पाणी पितो, फुगतो, मऊ होतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं मुरला की तो कापायला लागणारा जोर बराच उतरतो. ही दोन-तीन मिनिटं न देता लोक दिशेचा अभ्यास करत बसतात.

तुमचे अनुभव सांगा. ज्यांना हे अजिबात पटत नाही त्यांनी तर नक्कीच लिहा.


चिंचपोकळीकर

+१. आमच्या चाळीत नळाला पाणी पावणेसहाला येतं आणि सव्वासहाला जातं. तेवढ्यात नकाशा काढायचा की बादल्या भरायच्या?


खुंटाळा

सपशेल असहमत, आणि कारणांसकट.

एक तर नकाशा रोज काढायचा नसतो. एकदा काढला की हाताला सवय होते, मग डोकं लागत नाही. दुसरं, माझ्या मानेवर डाव्या बाजूचे केस कानाकडे आडवे जातात आणि उजव्या बाजूचे खालून वर चढतात. तिथे वरून खाली रेझर नेला की ओढ बसते आणि दुपारपर्यंत लाल ठिपके उमटतात. दिशा ओळखल्यापासून ते थांबलं. 'केस कुठेही वळोत' हे वाक्य गालांपुरतं ठीक आहे, मानेला ते लागू करू नका.

तिसरं, तुम्ही याला ओझं म्हणता. मला सकाळची ती पंधरा मिनिटं दिवसातली सगळ्यांत आवडती वाटतात. वाटीत साबण घोळायचा, ब्रश गरम पाण्यात, घरात अजून कोणी उठलेलं नाही. ती वेळ कमी करायची मला काही गरज नाही.


माळावरचा_झरा

खुंटाळा, आवडीने करणाऱ्याशी माझं भांडण नाहीच. ज्याला हे काम वाटतं आणि तरी कार्ट्रिजचा खर्च परवडत नाही किंवा पटत नाही, त्याच्यासाठी लिहिलंय. मानेचा मुद्दा मात्र दमदार आहे. एक विचारतो: ओढ बसायची तेव्हा दाढी किती दिवसांची असायची? रोजची की तीन-चार दिवसांची?


खुंटाळा

तीन दिवसांची, बहुतेक वेळा. रोज करत नाही.


सातारी_कात्री

आमचं सलून आहे, आजोबांपासूनचं. थोडं लिहितो.

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की कुठलाही कारागीर दिशा विचारत नाही. पाणी मारायचं, क्रीम लावायची आणि ब्रश गोल गोल फिरवत राहायचं. नवीन पोराला वडील एकच सांगायचे, ब्रश हातात असेपर्यंत घाई करू नको, वस्तऱ्याचं काम आपोआप लवकर होतं. पहिला फेस मुरला की परत थोडं पाणी आणि परत ब्रश. केस उभे राहतात ते इथे. मग ब्लेड कागदासकट मधोमध उभं मोडायचं, अर्धं वस्तऱ्यात सरकवायचं. हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर करायचं, म्हणजे त्याला नवं पातं दिसतं. डाव्या अंगठ्याने कल्ल्याजवळची कातडी वर ताणायची आणि पहिला हात खाली. पात्याचं वजन आणि मनगट, यापलीकडे जोर नाही.

"उलटा मारू का?" हे आम्ही विचारून घेतो, कारण ते सगळ्यांना सोसत नाही. लग्नाला निघालेला, साखरपुड्याचा नवरदेव 'मारा' म्हणतो. दर दोन दिवसांनी येणारं गिऱ्हाईक बहुतेक एकाच हातावर उठतं. म्हणजे धागाकर्ते सांगतात ते सलूनमध्ये पूर्वीपासून चालतच आलंय.

पण एक सांगतो. आम्ही दिशा विचारत नाही, तरी डाव्या हाताची बोटं ती वाचत असतात. कातडी ताणतानाच कळतं. मानेवर केस वर चढलेला असला की मनगट आपसूक फिरतं. कागदावर बाण काढायची गरज नाही हे खरं, पण बोटांना अगदीच आंधळं ठेवू नका.


मांजराकाठ

एवढं सगळं लिहिलंत, पण पाण्याचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. त्यात साबणाचा फेस होतच नाही, नुसती पांढरी राप येते आणि ब्रशला चिकटते. कितीही घोळा, गालावर लावला की अर्ध्या मिनिटात बसून जातो. मग कोरड्या गालावर पातं, आणि दोष दिशेला.


माळावरचा_झरा

मांजराकाठ, अगदी बरोबर. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा थर करतं, तीच तुमची राप. उपाय साधा: प्यायच्या फिल्टरचं एक फुलपात्र पाणी दाढीसाठी बाजूला ठेवा. ब्रश भिजवायला आणि फेस करायला तेवढं पुरतं. चेहरा धुवायला बोअरचं चालेल. पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरलंत तर फरक बघाच.


मांजराकाठ

फुलपात्रभर देता येईल. लातूरला रेल्वेने पाणी आलेलं आम्ही पाहिलंय, त्यामुळे हात आखडतो, पण एवढं चालेल.


डॉ_अबोली

त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडी भर.

दाढीनंतर येणाऱ्या सगळ्या पुळ्या सारख्या नसतात. पिवळसर टोकाची, दुखणारी पुळी बऱ्याचदा केसाच्या मुळाशी झालेल्या जंतुसंसर्गाची असते. दुसरा प्रकार आत वळलेल्या केसांचा. कुरळा केस कापल्यावर वाढताना वाकतो आणि त्याचं अणकुचीदार टोक शेजारच्या त्वचेत शिरतं. किंवा कातडी ताणून, उलट दिशेने इतकं खोल कापलं जातं की केसाचं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं आणि वाढताना आतूनच भिंत भेदतं. शरीर त्याला बाहेरची वस्तू समजून सूज आणतं. मानेवर आणि जबड्याखाली हे जास्त दिसतं.

अशा रुग्णांना आम्ही जे सांगतो ते या धाग्याच्या शीर्षकाशी जुळतं: घोटून दाढी नको, उलटा हात बंद, कातडी ताणू नका, रेझर हलका. काहींना तर ट्रिमरने एखादा मिलिमीटर ठेवूनच दाढी करायला सांगते. फारच चिघळलं असेल तर काही आठवडे दाढी वाढू द्यावी लागते.

पण एक अडचण आहे. ज्याचे मानेवरचे केस खालून वर वाढतात, त्याच्यासाठी 'सगळीकडे वरून खाली' हाच उलटा हात होतो. खुंटाळा यांना लाल ठिपके येत होते ते यामुळे. सरळ केसांच्या माणसाला हे खपून जातं, कुरळ्या केसांच्या माणसाला नाही.

सातारी_कात्री, नवं पातं समोर मोडून दाखवता हे वाचून फार बरं वाटलं. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, त्यामुळे ही सवय नुसती सभ्यतेची नाही. ताणण्याबद्दल मात्र आपलं जमणार नाही.


सातारी_कात्री

मॅडम, न ताणता वस्तरा चालवला तर पातं कातडीच्या वळीत अडकतं आणि चीर पडते. वस्तऱ्याला पात्यापुढची आडोशाची जाळी नसते. घरच्या रेझरला असते, तिथे तुमचं बरोबर असेल.


डॉ_अबोली

मान्य. माझं बोलणं घरच्या रेझरपुरतं आणि ज्यांना केस आत वळायचा त्रास आहे त्यांच्यापुरतं.


माळावरचा_झरा

अबोलीताईंच्या मुद्द्यानंतर नियम असा मांडतो. सगळ्या चेहऱ्याचा नकाशा नको. आधी दोन आठवडे सरसकट वरून खाली आणि मग आडवा. त्रास नाही झाला तर दिशा हा शब्दही काढू नका. झालाच, तर तो कुठे होतो ते बघा. जवळजवळ नेहमी मानेवरची एखादी ठरावीक जागा असते. फक्त तेवढ्या जागेवर बोट फिरवा आणि तिथला पहिला हात वळवा. ज्यांचे केस मुळातच कुरळे आहेत किंवा आधीपासून पुळ्या येतात, त्यांनी दोन आठवडे थांबू नये, मान आधीच तपासून घ्यावी.

आणि खुंटाळा, तीन दिवसांच्या खुंटावर ओढ जास्तच बसणार. दाढीचे केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतात. रोजच्या दाढीला केस कातडीच्या जेमतेम वर आलेला असतो, त्याला वाकायला लांबीच नसते. तीन दिवसांत तो मिलिमीटरभर होतो, आडवा झोपतो, आणि मग दिशा जाणवायला लागते.


माजी_सुभेदार

हे शेवटचं वाक्य लाखमोलाचं. फौजेत रोज दाढी, सुट्टीच्या दिवशीही. मगभर पाणी, साबणाची वडी, ब्रश, एक रेझर. आरसा कधी असायचा, कधी नसायचा. आरशाशिवाय दाढी करायला लागलात की दिशा वगैरे आपोआप गळून पडतं, बोटं पुढे आणि रेझर मागे. उंचावरच्या चौकीत पाणी तापवायलाच रॉकेल लागायचं, तेव्हा गरम नॅपकिन चेहऱ्यावर दाबून धरायचा आणि त्याच पाण्यात ब्रश. रोज करणाऱ्याची कातडीही सरावते. आठवड्यातून एकदा करणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने लढाई.


फुलपात्र

बायकोचं म्हणणं, आठवड्यातून एकदा करणाऱ्यांनी हा धागा उघडूच नये, आधी न्हाणीघरात जावं. (मी आत्ता जातोय.)


रेवा_क

बायकांनी इथे लिहायचं की नाही माहीत नाही, पण लिहिते.

बाबांना मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. आयुष्यभर रोज सकाळी दाढी करणारा माणूस. खुंट वाढले की ते अस्वस्थ व्हायचे, बोलता येत नव्हतं तरी डाव्या हाताने गाल चोळत राहायचे. सलूनवाले दादा घरी यायचे, पण रोज कसे येणार? मग मीच शिकले.

खिडकीजवळ खुर्ची, गळ्याभोवती टॉवेल. गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन गालांवर ठेवते आणि तेवढ्यात चहा टाकते. मग क्रीम, बोटांनीच. पक्षाघाताच्या बाजूचा गाल सैल लोंबतो, पात्याबरोबर कातडी पुढे सरकते. धडधाकट माणूस गाल फुगवतो तसं बाबांना जमत नाही, उजव्या कोपऱ्यातून हवा निसटते. म्हणून दोन बोटांनी कातडी कानाकडे धरून ठेवते आणि बोटाच्या पेराएवढेच छोटे हात मारते, वरून खाली. वरच्या ओठाला त्यांची जीभ आतून लावायला सांगते, डावीकडे ती बरोबर येते. एकच हात, दुसरा नाही. रेझर एका पात्याचा, जाळीवाला, अगदी स्वस्तात मिळतो तो. दिशा बघायची मला सुचलीच नव्हती आणि त्यावाचून काही अडलंही नाही. इतके दिवस मला वाटायचं आपण काहीतरी चुकवतोय का, म्हणून हा धागा वाचून हायसं वाटलं.


माजी_सुभेदार

रेवाबेटा, काही चुकत नाही तुझं. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.


डॉ_अबोली

रेवा, खूप छान करतेस. दोन गोष्टी बघ. झटक्यानंतर बऱ्याच जणांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या असतात. बाबांना असतील तर छोटी चीरही बराच वेळ वाहते, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना विचारून विजेवर चालणारा शेव्हर घ्यायचा विचार कर. चीर पडलीच तर स्वच्छ कापडाने काही मिनिटं दाबून धरायचं, मध्येमध्ये उचलून बघायचं नाही. दुसरं, त्या बाजूची संवेदना कमी असू शकते, त्यांना कापल्याचं कळणार नाही. दाढी झाल्यावर उजेडात गाल आणि जबड्याखालची बाजू बघून घेत जा.


रेवा_क

गोळ्या आहेत. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच विचारते. मनापासून आभार.


तिकोना_गड

रेवाताईंनी ज्या स्वस्त रेझरचा उल्लेख केला त्यावरून आठवलं. जिलेटने २०१० मध्ये 'गार्ड' भारतात आणला, तेव्हा रेझर १५ रुपये आणि कार्ट्रिज ५ रुपये. त्याआधीचा एक रेझर त्यांनी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर तपासला होता आणि तिथे तो सगळ्यांना आवडला. इथे मात्र पात्यांमध्ये केस अडकून बसायला लागले. कारण इथले लोक वाहत्या नळाखाली दाढी करत नव्हते, वाटीभर पाण्यात रेझर खळबळवत होते. मग एकच पातं, पुढे जाळी आणि धुवायला मोकळी जागा असा रेझर तयार झाला. धाग्याच्या विषयाला हे अगदी लागू आहे, कारण साधेपणा इथे परिस्थितीतूनच आला.


लोखंडी_चणा

धातूंचा माणूस आहे, म्हणून पात्याबद्दल. केस पोलादापेक्षा जवळपास पन्नासपट मऊ असतो, तरी पातं बोथट होतं. का? अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' मासिकात याचं उत्तर दिलं. त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. धार सगळीकडून सारखी झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात, आणि ते मुख्यतः केस वाकून पात्याला तिरका भिडतो तेव्हा. पोलादाची अंतर्गत रचना जिथे एकसारखी नाही अशा ठिकाणी ही चीर सुरू होते.

यावरून दिशेचा निकाल लागत नाही, पण लांब, वाकणारे खुंट आणि जुनं पातं ही जोडी वाईट, एवढं म्हणता येईल. पातं ओढायला लागलं की टाका. चार-पाच दाढ्या झाल्या की मी बदलतोच. सुट्ट्या पात्याची किंमत बघता त्यात कंजुषी करण्यात अर्थ नाही. आणि धुतल्यावर पातं टॉवेलने पुसू नका, धारेवर टेफ्लॉनसारखा पातळ लेप असतो. नुसतं झटका.


जुनी_पेटी

कंजुषीवरून अवांतर: आमचे आजोबा काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला पातं बोटाने दाबून पुढे-मागे घासायचे आणि परत वापरायचे. तेव्हा पाती साध्या कार्बन पोलादाची असत, गंजत आणि लवकर बोथट होत. विल्किन्सन स्वोर्डची स्टेनलेस पाती साठच्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि चित्रच बदललं. दाढीतून निवृत्त झालेलं पातं मग आजीच्या शिवणाच्या डब्यात जायचं, उसवायला. तिथून आमच्या कंपासपेटीत, पेन्सिलीला टोक करायला. टोपाझ ब्लेडच्या पाकिटाचा कागद मी अजून विसरलेलो नाही.


चिंचपोकळीकर

आणि कंपासपेटीतून बाईंच्या टेबलाच्या खणात, जप्त होऊन.


राईनकाठ

जर्मनीतून. माझ्या गावापासून झोलिंगेन जवळच आहे, चाकू-कात्र्या-वस्तऱ्यांचं गाव. मेर्कुर रेझर तिथलाच. तिथल्या पात्यांच्या संग्रहालयात गेलं की कळतं, माणसाने दाढीवर किती बुद्धी खर्च केली आहे. किंग जिलेट नावाच्या अमेरिकी माणसाला सेफ्टी रेझरचं (म्हणजे आपल्या या जुन्या पद्धतीच्या रेझरचं) पेटंट मिळालं १९०४ मध्ये, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना तो रेझर वाटला गेला. खंदकात बसलेला सैनिक काही केसांची दिशा बघत नव्हता, सुभेदारसाहेब सांगतील.

प्रवासाबद्दल एक सूचना: सुटं पातं विमानात हातातल्या सामानात चालत नाही. रेझर पात्याशिवाय ठेवा आणि पाती चेक-इन बॅगेत टाका, किंवा उतरल्यावर तिथेच विकत घ्या.


वाळवंट_७७

कचऱ्याबद्दलही कुणीतरी लिहायला हवं. वापरलेलं पातं नुसतं डब्यात टाकू नका. सफाई कामगार हाताने कचरा वेगळा करतात. आम्ही पत्र्याचा जुना डबा घेतलाय, झाकणाला चीर पाडली आहे, पाती त्यातच पडतात. भरला की चिकटपट्टी लावून वर 'ब्लेड' असं ठळक लिहून द्यायचा.


सातारी_कात्री

वाळवंट, सलूनमध्येही हेच करतो. खूप गरजेचं लिहिलंत.


निशिगंध_व

मूळ विषयाकडे यावं म्हणते. मुलगा सोळाचा झालाय, हनुवटीवर आणि ओठांवर चांगलेच केस आलेत. त्याचे बाबा बोटीवर असतात, घरी मीच. यूट्यूबवर बघून तो आता तीन हात, आडवं-उलटं, सगळं करतो आणि मानेवर लाल होऊन बसतो. त्याला मी काय सांगू? थोडक्यात सांगा, जास्त सांगितलं तर ऐकणार नाही.


माळावरचा_झरा

निशिगंधताई, त्याला एवढंच सांगा: अंघोळ झाल्यावर दाढी कर, केस तेव्हा भिजलेलेच असतात. क्रीम लाव आणि दात घासून ये, तोवर राहू दे. मग वरून खाली एकच हात. दुसराही नको. या वयात केस विरळ आणि मऊ असतात, एका हातात निघतात. लाल झालेली मान बसेपर्यंत तिथे रेझर लावायचाच नाही, त्याला मानेवर असे किती केस असणार!


माजी_सुभेदार

आणि रेझर टोकाला धरायला सांगा, मुठीत नाही. मुठीत धरला की जोर येतोच.


डॉ_अबोली

मुरमं असतील तर त्यांच्यावरून पातं नेऊ नये, बाजूने जावं. आफ्टरशेव्ह नको, साधं मॉइश्चरायझर पुरे.


निशिगंध_व

'यात तर काहीच नाही' असं म्हणाला. म्हणजे बहुतेक ऐकेल. आभार सगळ्यांचे!


फुलपात्र

आलो. झाली दाढी. वरून खाली, मग आडवा. बायकोने हात फिरवून 'चालेल' म्हटलंय, आमच्याकडे याहून वरचा शेरा नाही.


खुंटाळा

आठवडाभराने परत लिहितोय, कारण नुसतं असहमत म्हणून सोडून देणं बरं वाटेना. या आठवड्यात रोज दाढी केली, सरसकट वरून खाली आणि मग आडवी, बाण-बिण विसरून. गालांवर, ओठांवर, हनुवटीवर काही फरक नाही. उलटा हात नसल्याने उलट कातडी जास्त शांत आहे. मानेची डावी बाजूही ठीक. उजव्या बाजूला जिथे केस वर चढतात तिथे दुसऱ्या दिवशीच ठिपके आले, मग तेवढ्या दोन बोटांच्या जागेवर पहिला हात खालून वर घेतला आणि थांबले. तेव्हा गालांचा नकाशा मी खोडला, मानेचा दोन बोटांपुरता ठेवतोय. साबण-वाटी आणि पंधरा मिनिटं मात्र कुणालाही देणार नाही.


माळावरचा_झरा

खुंटाळा, रोजचा हिशेब ठेवून लिहिलंत याबद्दल खरंच आभार. दोन बोटांच्या जागेवर दुसरा हात कसा घेता, आडवाच की तोही खालून वर?


खुंटाळा

आडवाच. कानाकडून कंठमण्याकडे.


सातारी_कात्री

तिथे दुसरा हात घेऊच नका. ओला तळवा फिरवा, राहिलेलं टोचलं तर तेवढ्यावरच फेसाचं बोट लावून एकदा टिपा. आम्ही गिऱ्हाइकाच्या मानेला तेच करतो.